दाराचा ताप

कोल्ड रूमच्या दारावर ती आधी तळहात ठेवायची. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटून क्षणभर उभी राहायची आणि मगच भिंतीवरच्या यंत्राकडे बघायची. "ताप नाही, अण्णा," मला म्हणायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यंत्रावर पूर्ण विश्वास, तरी विचारपूस केल्याशिवाय चैन नाही.

म्हैसुरात, देवराज मोहल्ल्यामागे माझं लग्नाच्या जेवणांचं स्वयंपाकघर आहे. मी भांडी घासत घासत मालक झालेला माणूस. ती दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. बन्नीमंटपच्या एका हॉलमालकाने अट घातली, अन्न सुरक्षित राखणारं जाणतं माणूस असेल तरच वर्षभराचं काम. म्हणून तिला घेतलं. सगळे तिला अक्का म्हणत. तिचे पूर्वज राजाच्या फौजेतले, घरची बोली मराठी, पण कानडीत भिजलेली.

यंत्र तिनेच बसवून घेतलं. आतलं तापमान पाच अंशांच्या वर गेलं की ते बोंबलायचं आणि आम्हां दोघांच्या फोनवर निरोप यायचा.

"अक्का, सातवर भागवा."

"हा टोमॅटो आहे का, अण्णा?"

"बरं, सहा."

"पाच. आणि दार स्वल्प लवकर लावत जा."

बाजारात मी कुणापुढे नमलो नाही. या बाईकडून एक अंश सुटला नाही.

मग ती आयुधपूजा आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांना विश्रांती. सुऱ्या, झारे, वाटणयंत्रं कुंकू लावून पाटांवर मांडलेली. अक्काने तापमानाच्या यंत्रालाही गंध लावलं. "वर्षभर जागं असतं बिचारं. आज निजू दे," म्हणत तिने त्याचं बटण बंद केलं आणि दाराच्या कडीला शेवंतीचा लांब हार घातला. उदबत्तीच्या धुरात ती दुपार तरंगत होती. सगळेच पेंगलेले. आत दसऱ्याच्या लग्नाचं श्रीखंड, पिंपंच्या पिंपं.

संध्याकाळी ती पुन्हा आली. दाराच्या फटीत हाराचं टोक अडकलं होतं आणि तिथून पांढरी वाफ फरशीवर उतरत होती, वाट चुकलेल्या ढगासारखी. अक्काने तळहात टेकला.

"ताप आहे," ती म्हणाली, अगदी हळू.

तिने बटण दाबलं. आकडा पाचाच्या बराच वर. पण कधीपासून? निजलेलं यंत्र काय सांगणार?

मी बोटभर श्रीखंड चाखलं. "अमृत आहे, अक्का! बघा तरी."

"बेडा, नको. जिभेला कळलं असतं तर हे यंत्र कशाला हवं होतं?"

"निम्मं टाकू. तळाचं गार आहे."

"अण्णा."

"मग निदान दूध नासलं म्हणून सांगू त्यांना!"

"खोटं कशाला? हार मीच घातला."

आणि तिने स्वतः हॉलमालकाला फोन करून सगळं सांगितलं. मग पदर खोचून एकेक पिंप मोरीत ओतलं. केशरी ओघळ पाकळ्यांना घेऊन सावकाश वाहत गेला. तिने एकदाही मान वर केली नाही.

वर्षभराचं काम दुसऱ्याकडे गेलं. एक खोटं बोलली असती तर राहिलं असतं, असं मी आजही म्हणतो. मी तिला काढलं नाही, फक्त बोलणं सोडलं. ती येत राहिली. तळहात ठेवायची. "ताप नाही, अण्णा," हे दारालाच सांगायची. थंडीत एक दिवस आली नाही. दुपारी तिच्या मुलाने, अक्का गेली म्हणून, कळवलं.

यंदा आयुधपूजेला मी यंत्राला गंध लावलं, पण बटणाला कुणाला शिवू दिलं नाही. हार समोरच्या भिंतीवर, खिळ्याला. दुपारी फोन किणकिणला. कुणीतरी दार उघडं टाकलं होतं. तोच निरोप तिच्या बंद फोनकडेही निघाला असेल. मी सगळ्यांवर ओरडलो, दार लोटलं आणि तळहात टेकून उभा राहिलो.

तक्रार अजून आहे, अक्का. मिटलेली नाही.

यंत्रावरचा आकडा सावकाश उतरला.

"ताप नाही," मी दाराला सांगितलं.