दाराकडे वळलेले बूट

सीमेजवळच्या बटालियन हेडक्वार्टरला आमची पोस्टिंग होती. मी नायक, वामन भोईर लान्स नायक. तो पडघ्याजवळच्या गावचा, मी भिवंडीचा. बॅरकमध्ये खाटा शेजारी, पायाचे मापही एकच: आठ नंबर.

पॅरेडच्या बुटांना चमक आणायची पद्धत साधी आहे. काळ्या पॉलिशचा पातळ थर, थंड पाण्याचा थेंब, ओला कापूस, लहान लहान गोल. सुकला की पुढचा थर. वामन चौदा थर देई. टोकावर चमक टिकते, कारण टोक वाकत नाही. ते तापले किंवा त्याला हादरा बसला, तर काचेसारखा तडा जातो. म्हणून हे बूट आम्ही मैदानापर्यंत हातात नेत असू.

गार्ड ऑफ ऑनरच्या आदल्या दुपारी माझ्या उजव्या बुटाला तडा गेला. गार्डमध्ये मी होतो, वामन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर जाणार होता. त्याने आपले बूट पुढे केले.

"घाल हे. तुझ्या बुटांचं मी बघतो. भिवंडीवाल्यांना कापड जमतं, पॉलिश न्हाय."

"उद्या परत देतो."

"दिलेत तसे दे. टोकावर बोट उमटलं तर बघ."

पेट्रोल ०५३० ला निघाली. गार्ड ०९०० ला उभा राहिला. वायरलेस सेटवरचे बोलणे मला नंतर समजले. वेळ ०९१२.

"चार्ली फॉर टायगर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"टायगर फॉर चार्ली. नाव सांगा. ओव्हर."

"भोईर. ओव्हर."

सुरुंगावर पाय पडला होता. ०९१२ ला मी त्याच्या बुटांत सावधान उभा होतो.

सामानाची यादी दुसऱ्यांनी केली. वामनच्या खाटेखाली माझे बूट होते. तडा बुजवून त्याने ते चमकवून ठेवले होते. तेच त्याचे समजून पेटीतून त्याच्या आईकडे गेले. मी बोललो नाही. पुढे दरवर्षी त्यांच्या घरी गेलो, फोटोखाली हार घातलेले माझे बूट पाहिले आणि तेव्हाही बोललो नाही. अशी नऊ वर्षे गेली.

निवृत्तीनंतर मी राहनाळच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. भिवंडीत एकटा राहतो. भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालतात. भिंतीबरोबर फळी थरथरते, आणि फळीवर वामनचे बूट. चमकेला रोज बारीक तडे जात, रोज नवा थर द्यावा लागे. सकाळी टोके भिंतीकडे करून मी कुलूप लावत असे. संध्याकाळी ती दाराकडे असत. हादऱ्याने सरकतात, असे मी धरून चाललो.

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी लूम बंद होते. ०७०० ला टोके भिंतीकडे होती, मी दोनदा पाहिले. १९३० ला कुलूप काढले. बूट दाराकडे वळलेले. टाचा जुळलेल्या, टोके तीस अंशांत उघडी, सावधानमध्ये असतात तशी. चमकेवर एकही तडा नव्हता.

रविवारी ते हातात धरून मी वामनच्या आईकडे गेलो. सगळे सांगितले.

"म्हंजे नऊ वरसं तुला जितंपनी हार घातला मी?"

"हो, काकू."

"मेल्या, आधी तोंड उघडायला काय झालं होतं?"

त्यांनी फोटोखालच्या बुटांकडे बोट केले.

"मग ही चमक कोनाची?"

"वामनच्या हातची. शेवटची."

"मग हे न्हाय मिळायचं तुला."

मी मागितलेही नाहीत. त्यांनी वामनचे बूट घेतले, पदराने हात पुसून मगच. टोकाला बोट लागू दिले नाही. फोटोखाली दुसऱ्या जोडीशेजारी ठेवले, टोके घराच्या आत करून.

"भायेर जानाऱ्याचं तोंड दाराकडं. घरी आलेल्याचं आत."

पुढच्या शुक्रवारी मी फोन केला. लूम बंद होते. माझी फळी रिकामी होती.

"काकू, बूट?"

"हाललं न्हाय," त्या म्हणाल्या. "इथंच हाय तो."