आराखड्यात नसलेली तार

पडदा वर जातो तेव्हा मंचावर माणूस नाही, यंत्र उभं आहे. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटांची रांग, आत काचेचे शेकडो दिवे. एके काळी हा कॉम्प्युटर होता आणि ही त्याची खोली. आता दोघांचं मिळून संग्रहालय झालंय. समोर खुर्च्या मांडल्या आहेत. पहिल्या रांगेत नव्या सदऱ्यात तारमास्तर. बावीस वर्षं या यंत्राच्या तारा त्यांनी सांभाळल्या. आज कित्येक वर्षांनी ते पुन्हा सुरू व्हायचंय, आणि बटण मास्तरांनी दाबायचंय.

"बाबा, हसा जरा," शेजारून लेक म्हणाली. "दाढ काढायला आल्यासारखे काय बसलात?"

मास्तरांची नजर भिंतीलगतच्या काचपेटीवर खिळली होती. पेटीत पिवळ्या तारेचा वीतभर तुकडा. खाली चिठ्ठी: 'मूळ आराखड्यात नसलेली. डागडुजीत काढली.'

तो तुकडा त्यांनी लांबूनच ओळखला.

या यंत्राची स्मृती म्हणजे मोहरीएवढ्या काळ्या कड्या, बायकांनी भिंगाखाली एकेक करून तारेत ओवलेल्या. त्या कड्या तापू नयेत म्हणून मागे पंखा. एका दुपारी साफसफाईसाठी मास्तरांनी पंखा बंद केला आणि तसेच जेवायला गेले. परतले तर जळका वास, काही कड्या जळालेल्या. साहेबांनी विचारलं, पंखा कुणी बंद ठेवला? मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यातून दोस्ताचं, भुंग्याचं नाव बाहेर पडलं. भुंग्या पंख्यांचं तेलपाणी बघायचा, त्यामुळे सगळ्यांना पटलंही. त्याची रवानगी गोदामात झाली ती कायमची. बिचारा तरीही दर रविवारी मास्तरांकडे पत्ते खेळायला येई, आणि मास्तर मुद्दाम हरत. आता तोही राहिला नाही. घरात कुणी गॅस चालू विसरलं की लेक अजून म्हणते, "आला बघा, भुंग्याकाकाचा चेला."

त्यानंतर मास्तरांनी गुपचूप ती पिवळी तार टाकली. पंखा फिरत नसेल तर कड्यांपर्यंत वीज जाणारच नाही, अशी सोय. आराखड्यात नोंद करायची तर कारण लिहावं लागलं असतं.

"चला, आजोबा," संग्रहालयाची तरुण अधिकारीण हात द्यायला आली. मुख्य स्विच तिने आधीच चालू केला होता. दिवे लालसर होत होते; आता बटण दाबलं की कड्यांत वीज जाणार.

मास्तर उठले. बटणाकडे जायच्या आधी ते कपाटाच्या मागे गेले आणि खिशातला रुमाल पंख्याच्या जाळीसमोर धरला. रोज सकाळी धरत, तसाच. रुमाल हलला नाही.

"पंखा अडकलाय," ते पुटपुटले.

"सकाळी तर फिरत होता. आणि अडकला तरी काय बिघडतं?" ती हसली. "यंत्र आपोआप बंद होतं. नोंदवहीत तुमच्याच अक्षरात आहे, चार वेळा."

"ते त्या तारेमुळे. तुम्ही काढलीत ती."

"ती? ती कुणीतरी नंतर घुसडलेली. आराखड्यात तिचा पत्ताच नाही." खुर्च्यांत कुजबुज सुरू झाली. तिने आवाज खाली आणला. "आजोबा, लोक खोळंबलेत. राहू द्या, मी दाबते."

तिचं बोट पुढे आलं. मास्तरांनी पंजाने बटण झाकलं. बटण दाबलं तर तासाभरात कड्यांची राख. अशा कड्या ओवणारं आता कुणी उरलेलं नाही. आणि बोललं तर... लेक फोन उंच धरून बाबांचं चित्रीकरण करत होती.

"आजोबा, हात काढा ना. कामाचीच तार होती, तर आराखड्यात का नाही?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हात नाही काढणार. ती तार मीच टाकली, आणि कारण लिहायचं टाळलं. पंखा तेव्हा भुंग्याने नव्हता बंद ठेवला, मी ठेवला होता."