प्रणालीनं दारू सोडल्याचं सांगितलं तेव्हा

वलगावच्या मोतीरामची पोरगी लोकांना हसवते, हे अख्ख्या अमरावतीला ठाऊक होतं. ती काय काय गिळून हसवते हे कुणी विचारलं नव्हतं. एक दिवस तिनं आपणहून सांगितलं आणि लोकांना ते पचलं नाही.

मोतीरामची प्रबोधनाची पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत पेटी-ढोलकी घेऊन ही मंडळी गावोगाव जायची आणि गाण्यांच्या मधे दारूबंदीचं एखादं छोटं नाटुकलं करायची. प्रणाली त्यात आधी बेवड्याची मुलगी व्हायची, थोडी मोठी झाल्यावर बेवड्याची बायको. नवऱ्याला ती असं काही झापायची की रडायला बसलेल्या बाया पोट धरून हसत. तिथंच तिला हसवण्याची चटक लागली. कॉलेजात शाम भेटला. तो दारुड्या इतका हुबेहूब करायचा की लोक त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघत. प्रत्यक्षात शाम ताक पिणारा माणूस. दोघांची जोडी जमली आणि ‘शाम्या आन् त्याची बायको’ हा कार्यक्रम दहा-बारा वर्षं वऱ्हाडभर चालला. कुठं पतसंस्थेचा वर्धापनदिन, कुठं डॉक्टरांचं संमेलन, कुठं लग्नाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. शाम झोकांड्या खायचा, प्रणाली लाटणं घेऊन त्याच्यामागं धावायची.

कार्यक्रम संपला की कलाकारांची बैठक बसे. त्यात बाई एकटी प्रणाली. कुणीतरी म्हणालं, दोन घोट घे, आवाज मोकळा होते. पहिल्यांदा तिनं मान राखायला घेतली. मग अशासाठी घेऊ लागली, की शुद्धीत राहून त्या पुरुषांच्या गोष्टी ऐकवत नव्हत्या. त्यानंतर कारण लागेनासं झालं. शेवटी शेवटी तर तिच्या पाण्याच्या बाटलीत पाणी नसायचंच. एकदा चिखलदऱ्याला ती स्टेजच्या पायऱ्यांवरून गडगडली. लोकांना वाटलं हेही नाटकातलंच. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुडघा फुटला होता, तोंडातून शब्द निघत नव्हता आणि समोर माणसं खुशीत टाळ्या पिटत होती. त्या टाळ्यांची तिला जी धडकी भरली, ती कायमची.

तिनं दारू सोडली. अमरावतीत एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक असते, तिथं जाऊ लागली. पहिल्या दिवशी दारातच एकानं विचारलं, ताई, तुमचे मिस्टर कुठं आहेत? ती म्हणाली, मिस्टर दुकानात आहेत, पिणारी मी आहे. तो माणूस बाजूला सरला, पण पुढचे कित्येक रविवार तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

नवरा नितेश मात्र पाठीशी उभा राहिला. राजापेठेत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुरुवातीच्या दिवसांत तिचे हात कापायचे, रात्र रात्र झोप नसायची. तेव्हा यानं दुकान बंद ठेवून तिला पेज पाजली, घामानं भिजलेल्या चादरी धुतल्या. ते ती कधी विसरली नाही, म्हणूनच पुढं जे झालं ते तिला जास्त लागलं.

राजापेठेतच एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत अंकुर नावाचा तरुण यूट्यूब चॅनल चालवतो. त्यानं वऱ्हाडातल्या विनोदी कलाकारांना मोकळेपणानं बोलतं करायचं ठरवलं. दारू, शरीरसुख, धंदा, काहीच झाकायचं नाही. बोलावलं तिघांना: म्हातारे हास्यकवी खुशालराव, शाम आणि प्रणाली. जाण्याआधी ती नितेशच्या दुकानात गेली. तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता. आपल्या दोघांबद्दलही विचारतील, सांगू का, असं तिनं स्पष्ट विचारलं. नितेश मान वर न करता म्हणाला, “खरं हाये त सांग ना. भ्यायचं कायले?”

खुशालरावांनी सुरुवात केली. ऐन भरातली दारू आणि लॉजवरच्या बायका यांच्या गोष्टी त्यांनी अशा रंगवून सांगितल्या की कॅमेरा धरणारासुद्धा खिदळत होता. शामनं लग्नाआधीची दोन प्रकरणं सांगितली, मर्दानी ताकदीच्या गोळ्यांचं सांगितलं, आणि टाळी मागून घेतली. मग अंकुर प्रणालीकडं वळला.

ती सावकाश बोलली. सहा वर्षं प्याले, म्हणाली. दौऱ्यावर रात्री आयोजक खोलीचं दार वाजवायचे आणि उघडलं नाही तर पुढच्या वर्षी बोलावणं नसायचं, हेही कुणाचं नाव न घेता सांगितलं. आणि मग म्हणाली, “पेल्यावर अंगाशी काय होऊन राहिलं हेच समजत नोतं मले. नवरा जवळ आला काय आन् नाही आला काय, सारखंच. दारू सोडल्यावर पयल्यांदा समजलं, का मले बी काही पायजे असते. आता मी सांगते नवऱ्याले, मले काय आवडते ते. लाज नाई वाटत.”

खोलीत कुणी हसलं नाही. खुशालरावांनी घसा खाकरला. अंकुर म्हणाला, लय पॉवरफुल, ताई.

पूर्ण मुलाखत दोन तासांची होती. लोकांपर्यंत पोचला तो मिनिटभराचा तुकडा. त्यात प्रणाली म्हणते, मले बी काही पायजे असते, आणि लगेच खो-खो हसण्याचा आवाज. ते हसणं खुशालरावांच्या लॉजच्या गोष्टीवरचं होतं. तिथून उचलून तिच्या वाक्याला चिकटवलेलं. खाली लोकांनी शामला ‘दिलखुलास माणूस’ म्हटलं होतं, खुशालरावांना ‘खरा कलंदर’. प्रणालीला जे म्हटलं होतं ते वाचून तिनं फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि तशीच अंकुरकडं निघाली.

अंकुर चहा मागवू लागला. तिनं नको म्हटलं. तो सांगायला लागला की एडिटिंग पोरानं केलं, आपण बघितलं नव्हतं, पण उलट बघा ताई, तुमचंच नाव सगळीकडं होऊन राहिलं.

“म्हाताऱ्याच्या लॉजवर हसले होते तुमी,” ती म्हणाली. “ते हसू माह्या दुखण्याले काहून चिकटवलं? काढ ते.”

बघतो, म्हणाला. त्यानं काढलं नाही.

दोन दिवसांनी नितेशचा थोरला भाऊ देवमन आईला, दुर्गाबाईंना, घेऊन आला. देवमननं चप्पल काढायच्या आधीच नितेशला विचारलं, तुह्या बायकोनं बाजारात काय मांडलं ते तुले माहीत होतं का? नितेशनं एकदा भावाकडं पाहिलं, एकदा जमिनीकडं.

“मले नोतं सांगितलं तिनं,” तो म्हणाला.

जगानं लिहिलेल्या शिव्यांनी प्रणालीचं जेवढं पित्त खवळलं नव्हतं तेवढं या वाक्यानं खवळलं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. “तुले विचारून गेलती मी, नितेश. तू तार गुंडायत होता. भ्यायचं कायले, म्हणला होता तू. आता कोण भेलं?” देवमननं बाईनं आवाज चढवल्याबद्दल चार शब्द सुनावले. दुर्गाबाई तेवढं म्हणाल्या, की दारू सोडली हे सांगण्यात लाज नाही, बाकीचं घरात ठेवायचं होतं. प्रणालीनं त्यांना विचारलं की शामच्या घरी कुणी त्याला असं विचारायला गेलं का.

महिला दिनाला अकोल्यात एका महिला मंडळानं ‘शाम्या आन् त्याची बायको’ ठरवलं होतं. शामचा फोन कधी येतो याची ती वाट पाहत होती. फोन आला तो पौर्णिमाचा. ही नवीन मुलगी, कॉलेजच्या स्पर्धांत चमकलेली. बिचारी सरळ होती. लाटणं नेमकं कोणत्या शब्दावर उगारायचं, असं तिनं विचारलं. प्रणालीला क्षणभर काही कळलंच नाही. मग पौर्णिमानंच अडखळत सांगितलं, की मंडळाच्या अध्यक्षा माणिकबाईंनी शामसरांना कळवलंय, घरंदाज बायका येणार आहेत, तेव्हा ‘ती’ नको. शामसरांनी बरं म्हटलं. प्रणालीनं मुलीला काही बोल लावला नाही. लाटणं कुठं उगारायचं तेही सांगितलं. पण महिला दिनाच्या दुपारी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली.

हॉल भरला होता. ती मागच्या बाजूला बसली. सुरुवातीला माणिकबाईंनी शामला हार घातला. शाम झोकांड्या खात आला, हशा सुरू झाला. तिनं बारा वर्षांत एकेक शब्द घासून बसवलेल्या ओळी पौर्णिमाच्या तोंडून येत होत्या, आणि चांगल्या येत होत्या. इथवर प्रणालीनं सोसलं. मग शामनं पदरचं घातलं. पौर्णिमाकडं बोट करून म्हणाला, ही माही नवी बायको. जुनी पेत होती, ते सोडलं तिनं. आता तिले दुसरंच पायजे म्हणते! हॉल फुटला. पदर तोंडाला लावून बायाच हसत होत्या.

प्रणाली उठली आणि मधल्या वाटेनं पुढं चालत गेली. माणिकबाई पहिल्या रांगेतून उठून आडव्या आल्या. माईक मिळणार नाही, म्हणाल्या. तिला माईक नकोच होता. प्रबोधनाच्या पार्टीत वाढलेला तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

“जुनी मीच,” ती म्हणाली. “खुशालरावनं लॉजवरच्या बाया सांगितल्या, ह्या शामनं गोळ्याईचं सांगितलं. त्याले तुमी आज हार घातला. मी माह्या लग्नाच्या नवऱ्याबद्दल बोलली, आन् दारू सोडली म्हून सांगितलं. त मी घरंदाज नाई. मंग हा दिवस कोणाचा हाये, तेवढं सांगा मले.”

कुणी टाळी वाजवली नाही. काही बायांनी माना खाली घातल्या, एकीनं पोराला कुशीत ओढलं. शाम नशेतल्या माणसासारखा वाकलेला होता तसाच वाकून राहिला. सरळ उभं राहावं हेही त्याला सुचेना. माणिकबाईंनी गाणं लावायला सांगितलं आणि वॉचमननं अदबीनं तिला दाराकडं नेलं. नंतर पौर्णिमानं कार्यक्रम पुरा केला. तिला कामाची गरज होती.

बाहेर पोर्चमध्ये प्रणाली पायरीवर बसली. कित्येक महिन्यांत नव्हती इतकी तलफ तिला आली होती. समोरच रस्त्यापलीकडं दारूचं दुकान होतं. ती दुकानाकडं बघत असतानाच हॉलमधून एक पन्नाशीची बाई बाहेर आली, इकडंतिकडं बघून शेजारी बसली. तुम्ही जाता त्या बैठकीत बायांना येऊ देतात का, असं तिनं हळूच विचारलं. बहिणीसाठी विचारते, म्हणाली. प्रणालीनं तिला नंबर दिला. बस येईस्तोवर दोघी तिथंच बसल्या आणि प्रणालीनं रस्ता ओलांडला नाही.

त्या हंगामात तिला एकही कार्यक्रम मिळाला नाही. शाम आणि पौर्णिमा जोरात चालले. तो तुकडा अजून तिथंच आहे, त्या हसण्यासकट. अंकुरनं मधे दुसऱ्या भागासाठी फोन केला, तेव्हा तिनं आधीचं काढायची अट घातली. तोच तर चालतो ना ताई, म्हणाला. तिनं फोन ठेवला.

दिवाळीत देवमनच्या घरी सगळे जेवायला बसले होते. नितेशनं घास खाली ठेवला आणि भावाला म्हणाला, “तिनं विचारलं होतं मले. मीच खोटं बोललो.” देवमननं कापसाच्या भावाचा विषय काढला. प्रणालीला वाटलं होतं हे ऐकलं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. घरी येताना गाडीवर तिनं नितेशला सांगितलं, हे बोलायला तुला आठ महिने लागले. तो हो म्हणाला.

आता ती स्टेजवर एकटीच उभी राहते. नवरा म्हणून कुणी नाही, लाटणं नाही. गाडगेनगरातल्या एका लहानशा हॉलमध्ये महिन्यातून एकदा कार्यक्रम असतो. दारात सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवून घेतात. आत ती पिणाऱ्या बाईची गोष्ट सांगते, आयोजकांची नक्कल करते, आणि बिछान्यातलं जे सांगायचं ते सांगतेच. माणसं चाळीस-पन्नास येतात. बाया हसतात, हल्ली पदर न लावता. राग गेला का, असं परवा एका बाईनं कार्यक्रमानंतर तिला विचारलं.

“काहून जाईल?” प्रणाली म्हणाली आणि टोपलीतले फोन वाटायला लागली.