दादाने मला अर्धंच वाचून दाखवलं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरोंद्याला भाचीच्या लग्नात हळद लावत होते. "तू जा गो, माका काय धाड भरली हा?" असं म्हणून त्यानेच मला दोन दिवसांसाठी धाडलं होतं. आता महिना उलटला, पण माझा राग काही उतरत नाही.

माझा थोरला भाऊ वेंगुर्ल्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं सहायक होता. निवृत्तीनंतर गावातले लोक रिपोर्ट घेऊन आमच्या पडवीत यायचे. दृष्टिपटल, काचबिंदू, यकृत... तो सगळं मालवणीत उलगडून सांगायचा. त्याचा एक नियम होता: रुग्णाला अर्धं सांगायचं, घरच्यांना पुरं. कागद कुणी परत मागून बघत नसे. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण माझे रिपोर्टही तोच वाचायचा.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या ताटातला बांगडा तसाच राहू लागला. "बांगडो आवडलो नाय?" मी चिडून विचारलं. "खंय आसा बांगडो?" तो म्हणाला. ताटाची डावी बाजू त्याला दिसतच नव्हती... मी घाबरले. तो मात्र मला समजावत बसला, "डोळो बरो आसा गो. डोळो नुसतो दाखयता, बगता ता डोक्याचो पाठचो भाग." मग तपासणी झाली, रिपोर्ट आला, आणि त्याने तो पडवीत बसून मला वाचून दाखवला. शीर सुकलीय, वयाने होतं. मी मान डोलावली. मूर्ख मी!

बाराव्यानंतर कपाटात तो कागद सापडला. मेंदूच्या मागच्या भागात गाठ, पसरलेली. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. त्याचे मित्र हमीदभाई मासळीचा धंदा करतात, त्यांना विचारलं तर त्यांनी मान खाली घातली. "माका सगळा सांगल्यान. मी म्हटलंय, ताईक सांग. तर म्हणता, ती माझ्यापेक्षा जास्त आजारी पडतली."

म्हणजे त्याच्या हिशेबी घरचे ते, आणि रुग्ण मी. एका छपराखाली साठ वर्षं काढली, त्याचं हे फळ. फसवलंस तू मला, दादा.

परवा शेजारच्या वाडीतली एक म्हातारी फाइल घेऊन आली. दादाच्या खुर्चीत बसायचं मी तोवर टाळत होते, पण पडवीत तेवढी एकच खुर्ची. बसले. तिच्यादेखत सगळं वाचलं, शब्द न् शब्द. पायरीवर बसलेल्या तिने फाइल पिशवीत ठेवली. मग पदर सावरत उठली.

"बरा झाला सांगलास, बाई. चेडवाक गोव्यासून बोलवन घेतंय. दोगी मिळान चार दीस रवतलंव."

ती लेकीला फोन करायला गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून मोठ्याने रडले. मला तरी दुसरं काय हवं होतं?