पाठमोरी

पेडणे तालुक्यातल्या गावोगावच्या बायकांनी गोकुळदासला लुगडं नेसलेला पाहिला होता. पाहिला नव्हता तो फक्त त्याच्या बायकोने.

गोवा राज्य झालं त्याच वर्षी शेवंती लग्न होऊन पार्श्याला आली. नवरा एरवी शेतात नि काजूच्या बागेत राबायचा, आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपनीबरोबर निघायचा. कंपनीत तो स्त्रीपार्टी. राणी म्हणा, ऋषिपत्नी म्हणा, शाप मिळालेली अप्सरा म्हणा, सगळ्या त्याच्याच वाट्याला. पहिल्या जत्रेला शेवंती अबोलीचा गजरा माळून तयार झाली, तर त्याने तिला दारातच अडवलं.

"तू येव नको. तू म्होरं बसलंस तर माका ती सापडाची नाय."

"ती कोण?"

तो चपला घालून निघाला. पण 'ती' घरात होतीच. पत्र्याच्या ट्रंकेत तिची लुगडी होती, कमरपट्टा होता, गंगावन होतं. जत्रेहून परतल्यावर चहात पाव बुडवता बुडवता गोकुळदास म्हणायचा, "आज ती लय दमली." कधी म्हणायचा, "आज तिका रडू आवरला नाय." तोंड धुतलं तरी त्याच्या कानामागे सफेदा राहिलेला असायचा. शेवंतीने तिला सवत मानलं नाही की देवता मानलं नाही. घरात आणखी एक बाई आहे एवढं धरून ती वागत गेली. त्या ट्रंकेवर तिने कधी साधा तांब्याही टेकवला नाही.

शेजारची सुशीला जत्रा बघून आली की कुंपणापलीकडून ओरडायची, "काल तुझो घोव कसलो दिसलो गे! तुझ्यापरास बरो!" शेवंती हसायची, पण कसा दिसला ते विचारायची नाही.

मग एका पावसाळ्यात गोकुळदासच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठण्याआधीच सगळं संपलं. मूलबाळ नव्हतं. शेवंती एकटीने बाग सांभाळू लागली. काही वर्षांनी काजूच्या उतरणीवर पाय घसरून तिचा डावा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण पाय काही दुमडेना. पाटावर बसणं संपलं, जेवायलाही स्टूल लागू लागलं.

दत्तप्रसाद तिच्याकडे आला तो त्यानंतर. डिचोलीचा पोरगा, पणजीला राहून चित्रं काढणारा. दशावतारावर मोठमोठी चित्रं करत होता. कंपनीत पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सगुणने त्याला घर दाखवलं होतं. ट्रंक उघडली तेव्हा आतून सफेद्याचा नि सुकलेल्या फुलांचा वास आला, जणू कुणी कालच ती बंद केली होती.

"काकी, एक मागू?" तो म्हणाला. "हे लुगडं नेसून तुम्ही आरशासमोर बसाल? चेहरा मला काढायचाच नाही. पाठ हवी."

शेवंती कितीतरी वेळ लुगड्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन नेसून आली. दत्तप्रसादने बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, स्टूल मांडलं, भिंतीला आरसा टेकवला आणि तिच्या पाठीमागे बसून रेघा ओढू लागला.

तिला झोप येत नव्हती, पण रोज बसल्या बसल्या दुपारच्या दुपार कुठे जायची ते कळत नव्हतं. बसताना ऊन अंगणात असायचं, आणि क्षणभरच गेला असं वाटावं तोवर ते माडांच्या शेंड्यांवर गेलेलं असायचं. मधलं काही आठवायचं नाही.

"छान गुणगुणता हं," एकदा कुंचला धुताना दत्तप्रसाद म्हणाला.

"मी? माका गाणा येत नाय रे बाबा."

त्याला वाटलं काकी लाजल्या.

दुसऱ्या दिवशी सुशीला कुंपणाशी आली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "शेवंते, काल तुझ्याकडे कोण इल्लां? ती नेसून बसलेली?"

"मीच गे."

"तू नव्हे. इतकी वर्षां तुझी पाठ बघतंय मी." सुशीला घाईने मागे फिरली. त्यानंतर ती कित्येक दिवस कुंपणाकडे फिरकली नाही.

थंडीत पणजीला प्रदर्शन लागलं. सगुण शेवंतीला बसने घेऊन गेला. पांढऱ्या भिंतींच्या त्या गार खोलीत शिरताच सगुणने चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

चित्र माणसाहून उंच होतं. लुगडं तेच, आरसा तोच, पण त्याच्या काचेत दत्तप्रसादने नुसता करडा रंग भरला होता. बाई पाठमोरी, मान किंचित तिरकी. आणि डावा पाय स्टुलावर दुमडून उजव्या मांडीखाली घेतलेला.

"तस्सोच," सगुण पुटपुटला. "तोंडाक रंग लावताना गोकुळदास तस्सोच बसायचो."

शेवंतीने दत्तप्रसादला जवळ बोलावलं. "ह्यो पाय तुका कोणी सांगितलो?"

"कोणी म्हणजे? तुम्ही बसला होता तसाच काढला, काकी."

"माझो पाय दुमडत नाय."

तो हसू लागला. तिने लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला, ताठ, वाकडा जुळलेला. त्याचं हसू विरलं. त्याने तिच्या पायाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि भिंतीशी पाठ लावून उभा राहिला. "मी रोज समोर बघूनच काढत होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

शेवंतीला भीती वाटायला हवी होती. पण ती हलली नाही. नवऱ्याने जन्मभर जिथे येऊ दिलं नाही, तिथे, त्याच्या पाठीमागे, ती आता उभी होती. बाईची तिरकी मान बघून वाटत होतं, मागे कुणाची तरी चाहूल लागली आहे आणि वळावं की न वळावं हे तिचं ठरत नाही.

"वळू नको," शेवंती हळूच म्हणाली. "मी नुसता बघतंय."

सगुण तिला बाहेर नेईपर्यंत ती तिथेच होती. येताना बसमध्ये ती एकदाच बोलली. "बरी होती रे ती. इतकी बरी असात असा वाटूक नव्हता."

दत्तप्रसादने ते चित्र विकलं नाही, आणि तिला पुन्हा बसायलाही सांगितलं नाही. कॅनव्हास तोंड भिंतीकडे करून ठेवल्याचं त्याने सगुणला फोनवर सांगितलं. आता कुठे दिसलेली ती परत झाकून ठेवली हे ऐकून शेवंतीला राग आला. इतका, की दुसऱ्याच दिवशी पाय ओढत ती एकटी पणजीची बस पकडून गेली, त्याच्याकडून चित्र सरळ करून घेतलं, आणि त्याने दिलेला चहा न पिता परत आली.