मास्क परत करायला गेले तेव्हा

परळच्या डायव्हिंगच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना माल खपवायची घाई कधीच नसे. पन्नाशीत स्कुबा शिकायला निघालेली मी लांबलचक यादी घेऊन गेले, तर म्हणाले, "ताई, आत्ता फक्त मास्क घ्या. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा. पडला नाही, तो तुमचा."

पहिल्याच दिवशी तलावात नाकात पाणी गेलं. घाबरून मी मास्क परत करायला गेले. त्यांनी स्टुलावर पाण्याची बादली ठेवली, श्वासाची नळी दिली. "मास्क नको. चेहरा बुडवा, तोंडानेच श्वास घ्या. सावकाश."

चौथ्या खेपेला जमलं. डोकं वर काढलं, तर ते माझ्याकडे पाठ करून दार अडवून उभे होते. बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "जरा थांबा हां, आत ताईंचा क्लास चालू आहे."