पैलवान म्हणायचा, कॉपी न्हाई ती

आमचा पैलवान आयुष्यात कधी आखाड्यात उतरला नाही. अंगावर धड पावशेर मांस नाही! पण मोबाईलवर फायटिंग गेम सुरू व्हायच्या आधी उठून उभा राहायचा, मांडीवर शड्डू ठोकायचा, मगच स्क्रीनला बोट लावायचा. म्हणून पैलवान. नेकनूरहून एसटीनं बीडला यायचा. कॉलेज सुटलं की आम्ही दोघं सलीमभाईच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात.

नवी गेम आली की सलीमभाईचं ठरलेलं. "ये बी कॉपीच बे! तीच लाथ, तीच आगीची गोळी. फकस्त थोबाडं बदलली."

पैलवान लई तापायचा. "आमच्या जत्रंत धोबीपछाड सगळेच मारत्यात. मंग समदे एकाच पैलवानाची कॉपी का? डाव कुनाच्या बापाचा नसतो, सलीमभाई. कवा टाकला, कसा टाकला, ते बघा की!"

"मग चोर कुणाला म्हणायचं?" मी विचारलं.

"कुस्ती मारून वस्तादाच्या पाया न पडता जो फेटा बांधून घेतो, त्याला."

नुसतं बोलायचा नाही. दोन गेम शेजारी लावून दाखवायचा. "हितं लाथ हुकली की मानूस उघडा पडतो, तितं सावरतो. खेळायची हिंमतच बदलली ना बे!"

नंतर मी गेमिंगचं चॅनल काढलं. पहिल्याच व्हिडिओत ते धोबीपछाडाचं जसंच्या तसं बोललो. तुफान चाललं! खाली कमेंट, "दादा, काय उदाहरण दिलंय!" मी हार्ट देत सुटलो. पैलवान तोवर पुण्याला कंपनीत लागलेला. म्हटलं, त्याचं नाव पुढच्या व्हिडिओत घेऊ. पुढच्यातही राहिलं.

परवा दुसऱ्याच चॅनलच्या व्हिडिओखाली हेच कॉपीचं भांडण चाललेलं. पैलवानानं तिथं आपलं धोबीपछाडाचं लिहिलं. त्याचं स्वतःचं! आणि माझ्या चॅनलची पोरं त्याच्यावर तुटून पडली. "आमच्या दादाचे डायलॉग चोरतो का बे?" मी सगळं वाचत होतो. एक ओळ टाकायची होती फक्त, अन् एरवी मी किती फास्ट टाईप करतो! टाईप केली, खोडली. परत केली, परत खोडली. तेवढ्यात त्यानंच आपली कमेंट काढून टाकली.

संध्याकाळी त्याचा फोन. मी उचलला.

"पोरं लई जीव लावत्यात रं तुला," म्हणाला आणि हसला. खरंच हसला. मग म्हणाला, "फुडच्या व्हिडिओला काय घेतो? काय सुचलं न्हाई तर बोलू आपन."

मला खरंच काही सुचलेलं नव्हतं.

"सांग की," मी म्हणालो.